वरचा मजला, भाग पाचवा

४ मार्च, सोमवार

साहेबांनी सकाळी बोलावून माझ्या गळ्यात भूत अडकवलं. एक नव्हे, सात. आमच्या फिल्मसंग्रहाच्या थंड खोलीतली निम्मी मांडणी गंजली आहे, ती काढायची, त्यामुळे जागा कमी पडणार. म्हणून ज्या सिनेमांच्या मालिका आहेत त्यांच्यातला सर्वांत चांगला एक भाग थंड खोलीत राहील, सर्वांत वाईट एक भाग मोडीत जाईल आणि मधले साध्या गोदामात जातील, असं ठरलं. प्रेमपट, पोलिसपट बाकीच्यांनी पटापट उचलले. मी त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळे भयपट माझ्या वाट्याला. ‘वरचा मजला’, भाग एक ते सात.

“साहेब, मला झुरळाचीसुद्धा भीती वाटते,” मी म्हटलं.

“उत्तम. म्हणजे चांगला कुठला ते तुम्हाला लगेच कळेल. बावीस तारखेला मोडीचा ट्रक येतोय. त्याआधी दोन नावं द्या.”

दोन नावं. सांगायला सोपं आहे. या सिनेमांची दुसरी प्रत कुठेही उरलेली नाही. ज्या लॅबमध्ये ते धुतले गेले ती बंद पडली आणि मूळ निगेटिव्ह तिथल्याच तळघरात भिजून गेल्या. म्हणजे मी ज्याला वाईट म्हणेन तो गेलाच. चोवीस वर्षं मी टेबलाशी बसून फिल्मची भोकं आणि सांधे तपासते आहे. सिनेमा बरा की वाईट हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

डबे काढले. सगळ्यांवर बाबांचं अक्षर! बाबा त्याच लॅबच्या पॅकिंगमध्ये एकतीस वर्षं होते. रिळं डब्यात भरायची आणि लेबलं लिहायची हे त्यांचं काम. अजून एकाही लेबलाची शाई उतरलेली नाही. मला उगाच मोठेपणा वाटला.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “सातही बघायचे? कशाला हवेत सगळे?” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

६ मार्च, बुधवार

आज पहिला भाग पाहिला, आमच्या तपासणीच्या छोट्या थिएटरात. आठ खुर्च्या, एक पंखा आणि मागच्या खोलीत आमचा ऑपरेटर. याला भयपटांचं एवढं वेड की सगळे त्याला भुतोबा म्हणतात आणि तो ओ देतो.

गोष्ट एवढीच. घर बाहेरून बैठं आहे. वर काही नाही, नुसतं छप्पर. आत मात्र एक जिना आहे आणि तो वर जातो. राहायला आलेल्या कुटुंबाला यात काही वावगं वाटत नाही. सामान लावतात, पडदे शिवतात, जिन्याखाली चपला ठेवतात. एका दृश्यात कॅमेरा जिन्याच्या तळाशी ठेवून दिलाय आणि चार मिनिटं काहीही घडत नाही. नुसत्या पायऱ्या. माझी पाचावर धारण बसली. उठून जावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. सिनेमा म्हणजे काहीतरी घडायला लागतं अशी माझी समजूत होती. काही न घडवता माणसाला असं खुर्चीला खिळवून ठेवता येतं, हे मला आज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

भुतोबा मागून ओरडला, “ताई, श्वास घ्या!”

चांगला कुठला, याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. उगाच घाबरत होते.

९ मार्च, शनिवार

दुसरा आणि तिसरा एकाच दिवशी उरकले. दुसऱ्यात तेच घर, नवं बिऱ्हाड, जास्त किंकाळ्या. तिसऱ्यात ते सगळे जहाजावर जातात आणि भूतही जातं. आता जहाजाचा वरचा मजला म्हणजे डेक. भूत बिचारं उन्हात येऊन बसल्यासारखं दिसतं. मी इतकी हसले की ठसका लागला. वाईट कुठला याचंही उत्तर मिळालं असं वाटतंय.

पण भुतोबा म्हणतो, “थांबा. पाचवा बघितल्याशिवाय कुणाला वाईट म्हणू नका.”

११ मार्च, सोमवार

चौथा. एक शास्त्रज्ञ जिना मोजायला येतो. बोलतो फार. पण एका ठिकाणी तो जिन्याजवळ ओळंबा सोडतो आणि दोरी सरळ खाली लोंबायच्या ऐवजी हळूहळू जिन्याकडे झुकते. बस. तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी बाकीचं सगळं बोलणं माफ. दुपारभर मी फिती गुंडाळताना पुन्हा पुन्हा त्या दोरीचाच विचार करत होते. कुठल्या माणसाच्या डोक्यात हे आलं असेल आणि त्यानं घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल?

मला हे सिनेमे आवडायला लागले आहेत, हे कुणाला सांगायची सोय नाही.

१३ मार्च, बुधवार

भुतोबा खरं बोलत होता. पाचवा पाहिला आणि जहाजाची माफी मागावीशी वाटली.

वाईट अशासाठी वाटलं की सुरुवात अप्रतिम आहे. सहा रिळांचा सिनेमा, प्रत्येक रीळ साधारण अठरा मिनिटांचं. पहिली तीन बघताना भुतोबासुद्धा शेंगदाणे खायचा थांबला. निळ्या स्वेटरमधली आई, एक मुलगा, एक मुलगी. आई मुलांवर इतकी माया करते की तिला काही होऊ नये असं आपल्यालाच वाटत राहतं. मग चौथ्या रिळात ती जिना चढते. पाच भागांत पहिल्यांदाच आपल्याला त्या घराचा वरचा मजला दिसतो. नुसता एक लांब बोळ. ती चालत राहते. जमिनीतल्या फटीतून खाली बघते तर मुलं चहा पीत बसलेली, मुलाच्या हाताला पट्टी आणि त्यांच्याबरोबर निळ्या स्वेटरमधली एक बाई. ही धावत खाली येते, जिन्याच्या तळाचं दार ठोठावते, दार उघडत नाही. रीळ संपलं. आणि पाचव्या रिळात काय? आई स्वयंपाकघरात आपल्याकडे पाठ करून आरामात चहा ढवळते आहे! म्हणजे ते सगळं स्वप्नच म्हणायचं. मग मुलाचा हात कडीत सापडून कापतो. पट्टी आधी, जखम नंतर. मग पुन्हा पावलं, पुन्हा तीच दारावरची ठकठक. सहाव्या रिळात मुलं एकदम मोठी. मी कपाळावर हात मारला.

“सिनेमा लागला तेव्हा मी होतो थिएटरात,” भुतोबा म्हणाला. “ती वरून आली आणि चहा टाकला, तर पब्लिक ओरडलं, मलापण एक कप! शेवटपर्यंत नुसती हुर्यो.”

त्यानंच सांगितलं की हा एकच भाग एका बाईनं दिग्दर्शित केला होता. पहिला आणि शेवटचा. मालिकेचा निर्माता तिचा सख्खा मोठा भाऊ. सिनेमा पडल्यावर तो म्हणाला, बहिणीनं माझ्या गळ्यात कचरा मारला. ती म्हणाली, भावानं माझा सिनेमा कापून वाट लावली. बोलणं तुटलं ते तुटलंच. एकोणतीस वर्षं झाली या गोष्टीला.

संध्याकाळी बाबांनी आपणहून विचारलं, “पाचवा झाला का?”

“झाला. भयंकर आहे. म्हणजे भीतीदायक नव्हे, नुसताच भयंकर.”

“मग टाकून दे. एवढं कळायला सात बघायची काय गरज होती?”

बाबांनी आयुष्यात एकही भयपट पाहिलेला नाही. एकतीस वर्षं त्यांनी सिनेमे डब्यात भरले, पण जाहिरातीत भूत दिसलं तरी ते उठून पाणी प्यायला जातात. तरी मत मात्र ठाम.

१६ मार्च, शनिवार

सहावा, सातवा झाले. सहाव्यात भूत लहान मूल आहे, गोड आहे. सातव्यात सगळ्याचा उलगडा केलाय, तो करायला नको होता. यादी तयार झाली. उत्तम, भाग पहिला. मोडीत, भाग पाचवा.

बाबांना वाचून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि आज कितीतरी दिवसांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. दहा-बारा दिवस त्यांचं जेवण उतरलं होतं, मी डॉक्टरकडे न्यायचा विचार करत होते. हवा बदलल्याचा गुण असावा. उकाडा जरा कमी झालाय.

१८ मार्च, सोमवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

मोडीत जाणाऱ्या फिल्मचीही तपासणी करून अर्ज भरावा लागतो. सकाळी निघताना बाबा म्हणाले, “फेकायच्या मालाची कसली तपासणी? सही कर आणि मोकळी हो.”

मी हसले. म्हटलं, “हे तुम्ही सांगताय? शेपूट-डोकं तर तुम्हीच माझ्या डोक्यात बसवलंत.” ते पेपर वाचायला लागले.

शेपूट-डोकं म्हणजे असं. सिनेमाच्या यंत्रात चित्राचा दिवा वर असतो आणि आवाज वाचणारा भाग दीड वीत खाली. म्हणून फितीवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात, आवाज वीस चौकटी पुढे छापलेला असतो. त्यामुळे प्रत्येक रिळाच्या शेपटाला वीस चौकटी अशा येतात की चित्र या रिळाचं आणि कडेचा आवाज मात्र पुढच्या रिळाच्या डोक्याचा. सेकंदभरसुद्धा नाही. थिएटरात तो कधी ऐकू येत नाही, कारण तोवर दुसरं यंत्र सुरू झालेलं असतं. पण टेबलावर तो ऐकता येतो. शेपटाचा आवाज आणि पुढच्या रिळाचं डोकं जुळलं की क्रम बरोबर. मी नोकरीला लागले तेव्हा बाबांनी हे इतकं घोटून घेतलं की मी रडले होते. आजकाल कुणी करत नाही. मी करते.

तिसऱ्या रिळाचं शेपूट आवाजाच्या छोट्या यंत्रावर ओढलं. किण्. पुन्हा ओढलं. किण् किण्. कपात चमचा फिरल्याचा आवाज. चौथं रीळ लावलं, तर त्याचं डोकं म्हणजे जिना, लाकडावर पाऊल. चमचा कुठे? चमचा पाचव्या रिळाच्या डोक्याला! मग पाचव्याचं शेपूट ऐकलं. त्यावर लाकडावरचं पाऊल. आणि चौथ्याच्या शेपटावर मोठ्या झालेल्या मुलीचा आवाज, जो सहाव्याच्या सुरुवातीला आहे.

चार आणि पाच उलटे आहेत. एकोणतीस वर्षं हा सिनेमा सगळीकडे उलटा दाखवला गेला.

फीत टेबलावर ठेवून दिली आणि नुसती बघत बसले. डब्यावर चार, रिळाच्या कोऱ्या पट्टीवरही चार, बाबांच्याच वळणदार अक्षरात. म्हणजे बाबांच्या हातात आलं तेव्हाच उलटं आलेलं असणार. संकलकाचा घोळ, दुसरं काय.

१९ मार्च, मंगळवार

भुतोबाला म्हटलं, पाच आधी लाव, मग चार. त्यानं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. पण लावलं.

तिसरं रीळ संपलं. आई चहा ढवळते आहे, आपल्याकडे पाठ. मुलं टेबलाशी. आणि वर पावलं वाजतात. मुलं आईकडे बघतात, आई वळत नाही. ढवळत राहते. मुलगा धावत जाऊन जिन्याच्या दाराला कडी लावतो, तेव्हा त्याचा हात कापतो. आई त्याला पट्टी बांधते आणि कॅमेरा फक्त हात दाखवतो. पावलं जिना उतरून दारापर्यंत येतात. ठकठक. आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. मुलं दाराला पाठ लावून उभी राहतात, रडत रडत, सगळा जीव एकवटून. मीसुद्धा मनात म्हणत होते, उघडू नका रे, उघडू नका. ठकठक थांबते. मला हायसं वाटलं.

मग पुढचं रीळ लागलं आणि निळ्या स्वेटरमधली आई संध्याकाळच्या उजेडात मुलांना शोधत जिना चढायला लागली.

मला समजलं तेव्हा ती अजून तिसऱ्याच पायरीवर होती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वर वाजणारी पावलं तिची होती. दार ती ठोठावत होती. तिच्याच मुलांनी तिला बाहेर ठेवलं आणि मीही त्यांच्या बाजूनं होते. आणि चहा ढवळणारी? तिचा चेहरा आपण रीळभर पाहिलेलाच नाही. हे लक्षात येईपर्यंत आई फटीतून खाली बघते आहे, मुलाच्या हाताला पट्टी आहे आणि ती पट्टी कुणी बांधली ते आपल्याला माहीत आहे. सहाव्या रिळात मुलं मोठी होतात आणि त्या दुसरीला आई म्हणून हाक मारतात, अगदी प्रेमानं. वरची पावलं आता म्हातारी झाली आहेत.

दिवे लागले तरी मी उठले नाही. एका माणसानं हे सगळं आधी मनात पाहिलं असणार, कुठे पाठ दाखवायची, कुठे नुसता हात. देवळात गेल्यावरही मला कधी असं वाटलेलं नाही. भुतोबा खोलीतून बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“ताई,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी हुर्यो केली होती हो. मीच ओरडलो होतो, मलापण एक कप.”

जेवताना बाबांना सगळं सांगितलं. चमचा, पाऊल, पट्टी, सगळं. इतकी भारावले होते की हातातला घास तसाच राहिला. म्हटलं, बाबा, तुमच्या शेपूट-डोक्यानं एक सिनेमा वाचवला! ते ताटावरून उठले. भाजी तशीच. जेवताना भुताखेतांचा विषय त्यांना चालत नाही, हे मी विसरलेच.

२० मार्च, बुधवार

दिग्दर्शिका बाईंचा पत्ता भुतोबानं शोधला. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. सत्तरीच्या असतील, पांढरे केस आखूड कापलेले. मी गेले तेव्हा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होत्या. त्याला म्हणाल्या, “आता वाकून बघू नका, ताठ बसून बघा, तेवढ्यासाठीच तर केलाय.” मग माझ्याकडे वळून, “लांबचा की जवळचा?”

मी म्हटलं, “‘वरचा मजला’, भाग पाच.”

त्यांचा चेहरा एकदम मिटला. “तो विषय या दुकानात नाही.”

तरी मी बोललेच. उभ्या उभ्या, सगळं. मध्येच त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. मग विचारलं, “म्हणजे कुणी कापला नव्हता?”

“एक चौकटही नाही. फक्त लेबलं.”

“पहिल्या खेळाला दादा माझ्या शेजारी बसला होता,” त्या म्हणाल्या. “आई चहा करायला लागली आणि लोक हसले, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चोरी पकडली गेल्यासारखा बघतोय. आता कळतंय, तो मला विचारत होता.” एवढं बोलून त्या काउंटरची काच पुसायला लागल्या, स्वच्छ होती तरी. “दोन वर्षांपूर्वी गेला तो. मी गेले नाही.”

परवा दुपारी यायचं कबूल केलंय त्यांनी. घरी येऊन बाबांना म्हटलं, त्या भावाला मात्र हे कधीच कळणार नाही, तो वारला. बाबांनी दोनदा विचारलं. “वारला? नक्की वारला?” मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मला वाटतं त्यांची त्या माणसाशी जुनी ओळख असावी.

२१ मार्च, गुरुवार

ओळख नव्हती. मीच मूर्ख.

बाबांनी आज सकाळी चहा घेता घेता सांगितलं. मान खाली, आवाज अगदी रोजचा. पाचवा भाग थिएटरांना पाठवायच्या दिवशी सहाही प्रतींच्या चौथ्या रिळांवर डाग आले म्हणून ती पुन्हा धुवायला गेली. त्यामुळे पाचवी रिळं आधी सुकून आली. गाड्या दारात उभ्या होत्या. नियम होता, शेपूट-डोकं जुळवून मगच नंबर टाकायचा. “हात चालत होता गं. आली त्या क्रमानं लिहीत गेलो.” डागांची चिठ्ठी तीन दिवसांनी टेबलाखाली सापडली. तोवर सिनेमा लागला होता, पडला होता. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. मग बहीणभाऊ कोर्टात गेल्याचं कानावर आलं आणि त्यानंतर तोंडच उघडेना.

“म्हणून तुम्ही म्हणत होतात टाकून दे?”

“हो.”

दुसरं काही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी रागावून घराबाहेर पडले आणि कोपऱ्यावरून परत आले, कारण पर्स घरीच राहिली होती. तेव्हा ते उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होते.

“मी येतो,” म्हणाले. “तुला खोटं बोलायची वेळ नको.”

खरं सांगायचं तर मी दिवसभर खोटंच जुळवत होते. संकलकाचा घोळ, कोण जाणे कुणाचं अक्षर. माझे बाबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि आयुष्यभर त्यांच्या चोख कामाचं कौतुक झालेलं आहे. त्यांना कुणासमोर मान खाली घालून उभं राहिलेलं मला बघवणार नाही. आणि त्या बाईंना तरी आणखी किती दिवस खरं कळू द्यायचं नाही?

२२ मार्च, शुक्रवार

दुपारी तीनला त्या आल्या. साहेब आले, भुतोबा तर सकाळपासून यंत्र पुसत होता. बाबा शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते. बाईंनी बसायच्या आधीच विचारलं, “लेबलं कुणी लावली होती?”

मी तोंड उघडलं, पण बाबा उभे राहिले होते. “मी. आणि तीन दिवसांनी मला कळलं होतं. मी सांगितलं नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या वळून पहिल्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, “आधी सिनेमा लावा.”

मी सिनेमा पाहिला नाही, बाईंनाच बघत होते. चहाचं रीळ लागलं तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात धरले. आई जिना चढायला लागली तेव्हा त्या पुढे वाकल्या आणि ओठांत पुटपुटायला लागल्या. मला वाटलं प्रार्थना करताहेत. नंतर लक्षात आलं, त्या मोजत होत्या. कुठल्या पायरीवर प्रेक्षकांना कळायला हवं ते त्यांनी तेव्हा ठरवलं असणार. साहेब, जे कधी कुठल्याच सिनेमाला पूर्ण वेळ बसत नाहीत, ते तोंडात बोट घालून बसले होते.

दिवे लागले. बाई म्हणाल्या, “माझ्या डोक्यात होता तसाच आहे. इतक्या वर्षांत मला वाटायला लागलं होतं, माझ्या डोक्यातच तो चांगला असेल.” मग उठून बाबांसमोर गेल्या. “सत्तावीस वर्षं मी माझ्या भावाला चोर म्हणाले. तो जिवंत होता तोवर. तुम्हाला माफ करायला मला जमणार नाही.”

“नकाच करू, बाई,” बाबा म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू व्यवहार बरोबर झाला. मला म्हणाल्या, “सोमवारी परत येते. वहिनीला घेऊन. ती येईल की नाही माहीत नाही, पण तिच्या दारात जाऊन उभी राहते.”

साहेबांनी यादी मागितली. उत्तम, भाग पाचवा, असं लिहून दिलं. वाईटाच्या पुढे काही लिहिलं नाही. म्हटलं, राहिलेल्या सहाही भागांची शेपटं ऐकल्याशिवाय माझ्याच्यानं कुणाला वाईट म्हणवत नाही, जहाजालासुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीतून ट्रककडे बघितलं आणि सही केली. ट्रक आमच्या मालिकेशिवाय गेला.

घरात आल्यावर बाबा बूट न काढताच खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, तर पेला हातात धरून राहिले.

“मी तो कधी पाहिला नव्हता,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा.”

“माहीत आहे.”

“सगळे म्हणायचे, भिकार आहे. मला बरं वाटायचं गं. कुणी नावं ठेवली की तेवढी रात्र झोप लागायची. म्हणायचो, भिकारच होता तर चार आधी काय नि पाच आधी काय, पडलाच असता. एकोणतीस वर्षं एवढ्यावरच काढली मी.” मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. “आणि किती चांगला आहे तो. अगं, किती चांगला आहे!”

बाबांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. रडता रडताच ते त्या आईबद्दल बोलत होते. ती दार वाजवायची थांबते ते कसं, मुलांना तिचा आवाज कसा ओळखू आला नाही, तिनं हाक का मारली नाही. मग चेहरा पुसून त्यांनी मला विचारलं, “सोमवारी त्या बघणार आहेत ना परत? मी बाहेर उभा राहीन, आत येणार नाही. दार थोडं उघडं ठेवशील का?”